आठवड्याची दीडशे मिनिटं

माझा तास कोणालाही देता येतो, ही आमच्या कॉलेजातली जुनी सोय आहे. संख्याशास्त्राचा धडा मागे पडला, घ्या खेळाचा तास. पाहुणे व्याख्यानाला आले, घ्या खेळाचा तास. एकदा वर्गातला पंखा दुरुस्त करायचा होता, तर तोही माझ्याच तासात. सुरुवातीला मी भांडायचे. प्राचार्य बदलत गेले, संख्याशास्त्राचे सर बदलत गेले, मी आपली तीच. आता कोणी दारात येऊन "मॅडम, जरा..." म्हणालं की मी पुढचं ऐकतसुद्धा नाही. घ्या बाबा, म्हणते, आणि सामानाच्या खोलीत जाऊन बसते.

सामानाच्या खोलीत एक लोखंडी कपाट, हवा गेलेले नऊ चेंडू, पंप आहे पण त्याची सुई हरवलेली, रेषा आखायच्या फक्कीची दोन पोती आणि माझी खुर्ची. खिडकीतून मैदान दिसतं. दोनशे मीटरचा पट्टा मावेल एवढं मैदान, कडेला सहा झाडं. आठशे पोरांचं कॉलेज, आणि मैदानाच्या वहीत महिन्याला जेमतेम अकरा सह्या. त्यातल्या चार एकाच मुलाच्या. बाकीची पोरं कुठे असतात? लिफ्टच्या रांगेत. पहिल्या मजल्यावर जायला पंधरा मिनिटं रांगेत उभी राहतील, आणि उभी कुठे राहतील, तर मी लावलेल्या "जिना चढा, हृदय जपा" या पाटीखाली.

मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? छप्पन्न वर्षांची झाले. गुडघे गेले. शिट्टी वाजवून खुर्चीत बसणारी खेळाची बाई ती मी. आमचे हे घरी म्हणतात, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." स्वतः सकाळपासून शब्दकोड्यात डोकं घालून बसलेले असतात, पण म्हणतात.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती अशीच खुर्चीत निघून गेली असती. पण संस्थेच्या मनात आलं की मैदानावर पार्किंग करावं.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं. वाईट वाटत होतं त्यांना, माणूस भला आहे. फक्त कणा जरा मऊ. म्हणाले, "मॅडम, नव्या सभागृहाला गाड्या लावायला जागा पाहिजे. कार्यवाह साहेबांचं म्हणणं, मैदान ओसाडच असतं. तुमचा तासही वेळापत्रकातून काढू म्हणतात."

"आणि मी?"

"तुम्हाला ऑफिसात घेऊ. ओळखपत्रांचं काम बघा."

राग आला होता, पण रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो.

"एक वाट आहे," प्राचार्य पुढे झुकून म्हणाले. "विद्यापीठातून एक पाहणी येतेय. व्यायाम किती करावा हे विद्यार्थ्यांना माहीत आहे का, आणि ते करतात किती, असं तपासणार आहेत. त्याचे आकडे चांगले आले तर मी बैठकीत बोलू शकेन. खेळाचा विभाग जोरात चाललाय म्हणून. आकडे चांगले आणा, मॅडम. मैदान वाचेल."

आता आमच्या धंद्यात "आकडे चांगले आणा" म्हटलं की त्याचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. तपासणी यायची असली की आम्ही काय करतो? आदल्या दिवशी उत्तरं सांगतो. कोणता हात वर करायचा तेही सांगतो. उत्तर येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा, म्हणजे वर्गात सगळेच हात वर दिसतात. तीस वर्षं हेच करत आले. यात काही वाकडं आहे असं माझ्या मनातही आलं नाही, देवाशपथ.

पाहणी करणारी मुलगी आली. चष्मा, पाठीवर मोठी पिशवी, माझ्या भाचीच्या वयाची. फॉर्मचे गठ्ठे माझ्या हातात देऊन म्हणाली, "मॅडम, वर्गात भरून घ्याल ना? मला अजून तीन कॉलेजं करायची आहेत." घेईन की, म्हटलं. फॉर्म दोन पानांचा होता. पहिल्या पानावर प्रश्न: प्रौढ माणसानं आठवड्याला किती मिनिटं व्यायाम करावा, स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम किती दिवस, वगैरे. दुसऱ्या पानावर सात दिवसांचा तक्ता: तुम्ही स्वतः रोज किती मिनिटं केलात. खाली एक चौकट, न केल्यास कारण लिहा.

पहिल्या वर्गाला मी फळ्यावर लिहून दिलं. आठवड्याला कमीत कमी दीडशे मिनिटं. तीस गुणिले पाच. बळकटीचा व्यायाम दोन दिवस. तीनदा म्हणून घेतलं. पोरांनी पाढ्यासारखं म्हटलं, हसत हसत. तीस वर्षांत माझा एवढा रंगलेला तास झाला नसेल! सगळी बाकांवर बसून व्यायामाचं गाणं म्हणत होती, आणि खिडकीबाहेर मैदान रिकामं.

"दुसरं पान तुमचं तुम्ही भरा," मी म्हटलं. "वेडंवाकडं काही लिहू नका म्हणजे झालं."

फळा पुसायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं मी स्वतःला सांगते. पुसावासा वाटला नाही, हे खरं.

फॉर्म गोळा करताना चाळत होते. तीस, तीस, तीस, तीस, तीस, शून्य, शून्य. पुढचा, तेच. त्याच्या पुढचा, तेच. मग तिसऱ्या बाकावरच्या शंकेचा आला. "मॅडम, एक शंका" असं म्हटल्याशिवाय तिचं पान हलत नाही, म्हणून वर्गानं तिचं नावच शंका पाडलंय. बारकी पोरगी, दोन बस बदलून येते. तिनं सातही दिवस शून्य लिहिलं होतं. खाली चौकटीत, बारीक सुंदर अक्षरात: "सोमवारी खेळाचा तास संख्याशास्त्राला दिला. बुधवारी चाचणी होती. शुक्रवारी मॅडमचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही झाडाखाली बसलो."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकही अक्षर खोटं नव्हतं.

"हे काय लिहिलंस?"

"मॅडम, एक शंका. खरं लिहायचं ना?"

"खरंच लिहायचं. पण असं नाही." मी कोरा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. "हा भर नीट. मैदान वाचवायचंय आपल्याला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मान खाली घालून भरायला लागली. तिचा पहिला फॉर्म मी चार तुकडे करून कचऱ्यात टाकला. पुढच्या सगळ्या वर्गांना मी आधीच फळ्यावर लिहून ठेवलं.

महिन्यानं बैठक झाली. संस्थेच्या खोलीतलं ते लांब टेबल, वर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं. कार्यवाह साहेब, प्राचार्य, ती पाहणीवाली मुलगी आणि मी. शिपाईकाका चहा ठेवून दारापाशी घुटमळत होते. मी नवी साडी नेसले होते. आज आपलं कौतुक होणार आहे, अशी माझी समजूत.

मुलीचा चेहरा फुलला होता. म्हणाली, "सर, बाकीच्या कॉलेजांत मला काय दिसलं? ज्यांना दीडशे मिनिटं माहीत आहेत ती मुलंही बसूनच असतात, आणि माहीत नाही तीही बसूनच. कळतं पण वळत नाही. माहितीचा आणि हालचालीचा मेळच लागत नव्हता. तुमच्या कॉलेजात मात्र शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना उत्तर माहीत आहे, आणि तीच सत्त्याण्णव मुलं बरोब्बर दीडशे मिनिटं व्यायाम करतात. असा मेळ मी कुठेच पाहिला नाही!"

कार्यवाह साहेबांनी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. "वा, मॅडम! अभिनंदन."

मी प्राचार्यांकडे पाहिलं. बोला आता, असं डोळ्यांनी सांगितलं. ते घसा साफ करतात तोवर साहेबच पुढे बोलायला लागले.

"म्हणजे प्रश्नच मिटला. हे बघा, मैदानाची वही मी मागवून घेतलीय. महिन्याला अकरा सह्या. आणि व्यायाम करतात सगळे. याचा अर्थ काय? पोरं आपापली करतात. घरी, रस्त्यावर, कुठेही. मैदान लागत नाही, तासही लागत नाही. मॅडमनी शिकवायचं ते शिकवून झालंय. काम फत्ते! पुढच्या महिन्यात पार्किंगचं सुरू करू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. प्राचार्य चहाच्या कपात बघत राहिले. त्यांनाही आत्ताच उमगलं होतं बहुधा, पण ते बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. माझं मैदान मीच घालवलं होतं, आणि वर अभिनंदन घेऊन बसले होते.

उठताना गुडघा कटकन वाजला. "साहेब, हे सगळं खोटं आहे."

"काय खोटं?"

"आकडे. मी फळ्यावर लिहून दिले. पोरांनी उतरवून घेतले. एका मुलीनं खरं लिहिलं होतं, तिचा फॉर्म मी फाडला. ही पोरं दीडशे काय, पंधरा मिनिटंही हलत नाहीत. कारण त्यांचा तास आम्ही कोणालाही देतो, आणि उरलेल्या तासाला मी बसून असते. त्यांना मैदान नको म्हणून नाही हो, त्यांना मैदानावर कोणी नेलंच नाही. मैदान काढू नका. माझ्यावर काय करायचं ते करा."

पाहणीवालीचं तोंड पांढरं पडलं, आणि मला तिची खरंच दया आली. तिचे महिन्याभराचे कष्ट मी मातीत घातले होते.

"मॅडम," साहेब सावकाश म्हणाले, "तुम्ही लेखी पाहणीत खोटी माहिती भरून घेतलीत, असं तुम्ही स्वतः सांगताय? याचा अर्थ कळतोय ना? चौकशी लागेल. निलंबन होईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या."

"कळतोय."

"की मैदान जातंय म्हणून आता पलटताय?"

हे मात्र झोंबलं. पण त्यांनी तरी का विश्वास ठेवावा? एकदा खोटं बोललेली बाई दुसऱ्यांदा खरं बोलतेय हे कशावरून?

शेवटी त्या मुलीनंच मार्ग काढला. डोकं थाऱ्यावर होतं तिचं. चिठ्ठ्या टाकून तीस विद्यार्थी निवडायचे. परवा, वाचनालयात, ती स्वतः समोर बसून पुन्हा फॉर्म भरून घेणार. मॅडमनी तिकडे फिरकायचं नाही. उत्तरं वेगळी आली तर मॅडम म्हणतात ते खरं. मग मैदानाचं काम थांबेल, आणि मॅडमची चौकशी सुरू होईल. उत्तरं तीच आली तर पाहणी बरोबर, पार्किंग ठरल्याप्रमाणे.

"चालेल," मी म्हटलं. मैदान राहील, मी जाईन. हिशेब सरळ होता, आणि खरं सांगते, फार वर्षांनी मला हलकं वाटलं.

घरी यांना सांगितलं तर शब्दकोडं बाजूला गेलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोन वर्षं गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मैदान गेलं असतं."

"तुझ्या बापाचं होतं का ते?"

"नव्हतं. म्हणून तर सांभाळायला हवं होतं."

हे उठून आत गेले, गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "निलंबन झालंच, तर रोज सकाळी आपण दोघं चालायला जाऊ. दीडशे मिनिटं. नाहीतरी तुला पाठच आहे." मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास माझा होता. संख्याशास्त्राचे सर दारात आले. "मॅडम, जरा..." मी म्हटलं, "नाही. आज नाही." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पोरांना मैदानावर नेलं. फक्कीनं रेषा आखल्या, माझ्या हातानं, वाकडीतिकडी. दोन गट करून पळवलं. पंधरा मिनिटांत सगळी धापा टाकत झाडाखाली. शंका तर पोटात कळ आली म्हणून वाकून उभी होती. पण हसत होती. तिच्याशी बोलावंसं वाटलं. उद्या चिठ्ठीत तुझं नाव आलं तर खरं लिही हो, एवढंच सांगायचं होतं. पण तोंड मिटून ठेवलं. यावेळी काही म्हणजे काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. खरं लिहायला कोणी शिकवावं लागत नाही, असं मला वाटत होतं.

शिपाईकाकांनी मात्र बैठकीतलं सगळं ऐकलं होतं. आणि शिपाईकाकांच्या पोटात तीळ भिजत नाही.

वाचनालयात फॉर्म भरून झाले त्या दुपारी मी सामानाच्या खोलीत बसून होते. प्राचार्य स्वतः आले. ते या खोलीत पहिल्यांदाच येत असावेत, बसायला जागा शोधत फक्कीच्या पोत्यावर टेकले.

"तीसच्या तीस," ते म्हणाले. "तीच उत्तरं. दीडशे. फळा नव्हता, तुम्ही नव्हतात. ती मुलगी समोर बसली होती."

मला आधी समजलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे चौकशी नाही. साहेब म्हणाले, मॅडम थकल्यात, मैदानाच्या मायेपोटी काहीबाही बोलून गेल्या, मनावर घेऊ नका. एक तारखेपासून ओळखपत्रांच्या टेबलावर बसा. काम बसून करायचं आहे." ते उठले, पँटचा पांढरा डाग झटकत राहिले. तो जात नव्हता. "नोकरी वाचली, मॅडम. तेवढं तरी..."

ते गेल्यावर मी बाहेर आले तर शंका भिंतीला पाठ लावून उभी. माझीच वाट बघत होती. डोळे चमकत होते तिचे.

"मॅडम, सुटलात ना?"

"तू पण होतीस तीस जणांत?"

"होते ना! चिठ्ठीत माझं नाव आलं. मॅडम, आम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशीच ठरवलं. शिपाईकाकांनी सांगितलं होतं, खरं लिहिलं तर मॅडमना काढून टाकणार. मग काय! तीस गुणिले पाच, शनिवार-रविवार शून्य. चौकटीत काही नाही. एकानंही दगा दिला नाही."

"अगं, पण तू पहिल्यांदा खरं लिहिलं होतंस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं ना, की तुमच्यावर येईल."

पलीकडे मैदानावर माप घेणारी दोन माणसं फीत ताणून उभी होती, एक आकडा ओरडत होता, दुसरा लिहून घेत होता.

"आणि मैदान गं?" मी विचारलं. "ते जाणार, हे सांगितलं नाही काकांनी?"

"सांगितलं की," शंका म्हणाली. तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "पण मैदानाचं काय, मॅडम? तिथं आम्ही येतो कुठे? मैदानाला काही होवो. आम्हाला तुम्ही राहायला हव्या होतात."

तीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. आणि नेमकं आजच म्हणायचं होतं! जीव तुटला माझा. त्या पोरीला काय सांगणार होते मी? की बाई गं, मला वाचवायच्या नादात तुम्ही माझं सगळंच घालवलंत? सांगितलं असतं तर तीसही पोरांच्या जिवाला लागून राहिलं असतं. आणि त्यांचा दोष काय? जे मी शिकवलं तेच त्यांनी केलं, आणि मायेनं केलं.

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. "फार चांगलं केलंत," म्हटलं. "सगळ्यांना सांग, मॅडम खूश आहेत."

तिला ते खरं वाटलं.